एकशे तेरा नंबरची वहिनी

२ फेब्रुवारी

पोचले एकदाची. बस वाटेत दोनदा बंद पडली, माझं तोंड एकदाही नाही. स्टँडवर भावजी उभे, हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात 'वहिनी'. म्हटलं, भावजी, एवढ्यात माझं तोंड विसरलात? तर म्हणाले, तोंड नाही विसरलो, पण तुम्ही माझं विसरला असाल म्हणून. खोटारडे. गंमत करायची होती. आमच्या सासरी गंमत फक्त ह्या दोघा भावांना यायची. त्यातला मोठा माझ्या वाट्याला आला, तो गेल्या वर्षी गेला. उरला हा धाकटा.

ही वही लेकीनं दिली. म्हणाली, आई, तू रोज फोनवर माझा तास खातेस, त्यापेक्षा लिहून ठेव, बाळंतपणात पडल्या पडल्या वाचीन आणि हसेन. म्हटलं, टाके असताना हसू नये. तर बाळे, हे तुझ्यासाठी. एप्रिल लागला की मी तुझ्याकडे. तुला सासू नाही, मला दुसरी लेक नाही, तेव्हा तुझं बाळंतपण माझ्याच हातून व्हायचं, हे आपलं ठरलेलं. तोवर घरात एकटीनं भिंतींशी भांडण्यापेक्षा भावजींना हातभार लावते. त्यांचा कामगार दुसरीकडे गेला आणि त्यांना दोन हात कमी पडतायत.

खाली वर्कशॉप, वर दोन खोल्या, मागे लोखंडी जिना. समोर टायरवाला, शेजारी खोक्यांचं गोडाऊन. खिडकीतून उन्हाचा मोठा चौकोन माझ्या पलंगावर पडतो. भावजींनी नवी उशी आणून ठेवली आहे, अभ्र्यावरची किमतीची चिठ्ठी काढायची राहिली आहे. बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

आज माझ्या जाऊबाईंची ओळख झाली.

भावजींनी लग्न केलं नाही असं म्हणायचं, पण केलंच आहे, फक्त मशीनशी. दोन कपाटं शेजारी ठेवावीत एवढी बाई. पुढं काचेचं दार, आत वाइस, म्हणजे कापायचा तुकडा, इथल्या भाषेत जॉब, घट्ट धरून ठेवणारा लोखंडी जबडा. वरून टूल खाली येतं आणि अल्युमिनियमची पट्टी लोण्यासारखी कापतं. पांढरं पाणी उडतं. हात लावायचा नाही, काचेतून बघायचं. भावजी तिच्याशी असे बोलतात की मला लाजच वाटली. रुसलीस का, थांब गं, झालं झालं. म्हटलं, भावजी, सख्ख्या वहिनीसमोर जरा बेतानं.

माझं काम सोपं. एक जॉब झाला की दार उघडायचं, तो काढायचा, नवी पट्टी ठेवायची, दार लावायचं. मग वाइस हवेच्या जोरावर मिटतो, फुस्स. भावजींनी बजावलं की दार उघडं असेल तर टूल फिरत नाही, पण वाइस मिटतो, म्हणून बोटं सांभाळा. म्हटलं, सांभाळते, अजून नातवंडाला लंगोट बांधायचे आहेत.

११ फेब्रुवारी

लेकीनं मोबाइलवर मला इंग्रजी अक्षरं शिकवली ती अशी कामी येतील असं वाटलं नव्हतं. भावजी मला आज्ञा लिहायला शिकवतायत.

असं आहे. मशीनला काही गोष्टी माहेरूनच येतात. टूल फिरव, पाणी सोड, थांब. पण भावजींनी ज्या वस्तू स्वतः जोडल्या, वाइस, हवेची नळी, दाराची कडी, त्या तिला ठाऊक नाहीत. मग त्यांच्या आज्ञा आपण लिहायच्या. कॉम्प्युटरवर एक छोटी फाइल, तिचं नाव म्हणजे नंबर. एम एकशे एक म्हटलं की वाइस मिट. एकशे दोन म्हटलं की सोड. फाइलीत लिहायचं की ह्या तारेला वीज दे, काम होईपर्यंत वाट बघ, आणि झालं की मशीनला शून्य सांग. शून्य मिळालं तरच बाई पुढची ओळ वाचते, नाही तर तिथंच हटून बसते. शाळेत शून्य मिळालं की छडी, इथं शून्य मिळालं की शाबासकी. मी चुकीच्या शाळेत गेले.

एक नियम मात्र भावजींनी देवाची शपथ घातल्यासारखा सांगितला. प्रत्येक आज्ञा जोडीनं. एक धरायची, एक सोडायची. आणि सोडायची आधी लिहायची. त्यांच्या कामगारानं एकदा फक्त धरायची लिहिली होती, मग वाइस खोलायला अर्धा दिवस पाने-पेचकस घेऊन बसावं लागलं.

आणि ज्या ओळीच्या सुरुवातीला जाळीची खूण (#) घालतो ती ओळ मशीन वाचत नाही. ती माणसांसाठी. भावजी तिथं कामाचं लिहितात. मला मात्र मोकळं अंगण सापडलं.

१६ फेब्रुवारी

माझी पहिली आज्ञा! हवेची नळी. जॉब झाला की फुंकर मारून अल्युमिनियमचा किस उडवायचा. चार वेळा चुकली, पाचव्यांदा अशी फुंकर मारली की भावजींचा चष्मा उडाला. वरच्या ओळीत मी जाळीची खूण घालून लिहिलं, 'फुंकर घाल गं बाई, काड्या घालू नकोस.' भावजी वाचून इतके हसले की खुर्ची मागं गेली.

इथं प्रत्येक वस्तूवर पिवळी चिठ्ठी असते, तिचा नंबर लिहिलेली. नळीवर माझ्या हातानं चिकटवली. लेकीला फोटो पाठवला. तिनं लिहिलं, आई, तू तर इंजिनियर झालीस, आता माझ्या नवऱ्यालाही दोन आज्ञा लिहून पाठव.

२० फेब्रुवारी

आज मोठी गंमत केली.

दिवसभर भावजींचं एकच. वहिनी, जॉब! वहिनी, जॉब! घसा बसला त्यांचा. म्हटलं, ह्यापेक्षा मलाच नंबर द्या. आणि ते चहा आणायला गेले तेवढ्यात मी लिहून टाकलं. एम एकशे तेरा, नाव 'वहिनी'. आत लिहिलं की एकशे तेराव्या तारेला वीज दे, वाइसमध्ये नवी पट्टी बसल्याचं सेन्सरला कळेपर्यंत वाट बघ, मग शून्य. त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही, नुसती लोंबतेय. जाळीच्या ओळीत लिहिलं, 'ये गं सूनबाई, काम पडलंय.' पिवळ्या चिठ्ठीवर एकशे तेरा लिहून ती माझ्या ॲप्रनवर चिकटवली आणि जाऊबाईशेजारी हात बांधून उभी राहिले.

भावजी आले, बघितलं, चहा नाकातून बाहेर. मग पोटभर हसून झाल्यावर सवयीनं विचारलं की एकशे चौदा कुठाय, सोडायची आज्ञा? म्हटलं, भावजी, सुनेला 'ये' म्हणणारे सगळे असतात, 'जा, झालं तुझं काम' असं कोण म्हणतं? माझ्या सासूबाईंनी तरी कधी म्हटलं का? त्यावर ते पुन्हा हसले. राहू दे म्हणाले.

त्यांनी ती आज्ञा प्रोग्राममध्येही घातली. जॉब संपला की एकशे तेरा.

२४ फेब्रुवारी

आता भावजींना ओरडावंच लागत नाही. जॉब संपतो आणि मी तिथं हजर. सवय बघा कशी लागते.

फक्त आज जरा विचित्र झालं. मी वर गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालचं काही ऐकू येत नाही, गोडाऊनमध्ये ट्रक सुरू होता. आणि भानावर आले तेव्हा मी मशीनपुढे, हातात नवी पट्टी, खांद्यावर ओला टॉवेल. जिना उतरल्याचं आठवत नाही. भावजी म्हणाले, काय टायमिंग आहे तुमचं वहिनी. म्हटलं, तुमच्या भावानं ट्रेनिंग दिलंय.

२ मार्च

बाजारात गेले होते. बाळासाठी मऊ कापड घ्यायचं होतं. दुकानदारानं ठाण उलगडलं, मी बोटांनी चाचपत होते, आणि पाय वळले. माझे पाय. मी म्हणतेय थांबा थांबा, आणि ते चाललेत भराभर, जसं पोराला कुणी कानाला धरून शाळेत नेतंय. टायरवाला हात करून काही म्हणाला, मला मान वळवता आली नाही. गेट, दार, पट्टी, वाइस. पट्टी बसली आणि पाय परत माझे झाले.

भावजींना सांगितलं. हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले.

कापड दुकानातच राहिलं.

३ मार्च

पडताळून पाहिलं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, कठडा दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले. भावजी खाली. त्यांना सांगितलं की मनाला येईल तेव्हा एकशे तेराची कळ दाबा, मला कळू देऊ नका.

कठड्यावरून बोटं एकेक करून सुटली. मी पाहत होते. करंगळी सगळ्यात शेवटी.

भावजी पांढरेफटक. मीच म्हटलं, बघा, तार नुसती लोंबतेय म्हणत होतो, लागली की कुठंतरी.

४ मार्च

भावजींनी फाइलच पुसून टाकली. एकशे तेरा नाही, की भानगड नाही. सोपं वाटलं होतं.

पुढचं मला आठवत नाही, त्यांनी सांगितलं ते लिहिते. मशीननं पडद्यावर दाखवलं की अशी आज्ञा सापडत नाही, आणि थांबलं. मी जिन्यात होते. मीही थांबले. एक पाय उचललेला. पापणी नाही, श्वास नाही. भावजींनी नाकाशी हात धरला, छातीला कान लावला, काही नाही. मग धावत जाऊन फाइल जशीच्या तशी परत घातली. मी उरलेली पायरी उतरले आणि विचारलं म्हणे, असे का रडताय?

संध्याकाळी त्यांनी मशीनला इन्व्हर्टर जोडला. वीज गेली तर, म्हणाले. वाक्य पुरं केलं नाही.

६ मार्च

विचार केला आणि उत्तर तर पहिल्या आठवड्यातच शिकवलेलं. जोडी. भावजी आता एकशे चौदा लिहितायत, सोडायची आज्ञा. चारदा तपासली. मी बॅग भरून ठेवली आहे. एप्रिलची कशाला वाट बघायची, सुटले की तशीच लेकीकडे जाते. बाळे, ह्या पानावर हसायचं बरं का. तुझ्या आईला सोडवायला कॉम्प्युटर लागला.

दहा मिनिटांत चालवतील. वही ॲप्रनच्या खिशात ठेवते.

१२ मार्च

आज बारा तारीख. भावजींनी दोनदा कॅलेंडर दाखवलं.

मी वही खिशात ठेवली, त्यांनी कळ दाबली. आणि लगेच, लगेच, मी पट्टी धरून उभी आहे आणि बाहेरचं ऊन दुसऱ्या बाजूला आहे. मधले दिवस नाहीत. झोप नाही ती, झोपेतून उठलं की अंग सांगतं की झोपलो होतो. हे काहीच नाही. दिव्याला विचारा, बंद असताना कुठं होतास.

भावजी म्हणाले, श्वास होता ह्या वेळी, तेवढा एक दिलासा. मी उभीच्या उभी. डोळे उघडे. त्यांनी ओल्या फडक्यानं डोळे ओले ठेवले, खुर्चीत बसवलं. धाडस होईना म्हणून सहा दिवस एकशे तेरा चालवलं नाही. मग चालवलं.

आम्ही चुकलो कुठं ते कळलं. वाइसला सोडलं की वाइस कुठं फिरायला जात नाही. नुसता सुटलेला वाइस होतो.

१५ मार्च

तर आता असं आहे. एकशे तेरा म्हटलं की मी असते, इथं, मशीनपुढे. एकशे चौदा म्हटलं की नसते. तिसरं काही नाही.

भावजींनी प्रोग्राममधून एकशे चौदा काढून टाकलं. सकाळी पाहिलं तर आहे. शपथेवर सांगतात की मी घातलं नाही. काढलं, पुन्हा आलं.

एक फट मात्र मला सापडली. बोलावल्यापासून नवी पट्टी वाइसमध्ये बसेपर्यंत मी माझी. पट्टी बसली नाही तर शून्य नाही, शून्य नाही तर बाई पुढची ओळ वाचत नाही. म्हणून पट्टी डाव्या हातात धरून ठेवते आणि उजव्यानं लिहिते. डावा हात सारखा वाइसकडे ओढतो. जत्रेत पोर ओढतं तसा. थोडा वेळ धरता येतो. तेवढ्यात जेवते, लिहिते, लेकीशी बोलते.

गेटपर्यंतही जाऊन आले पट्टी घेऊन. गेट सताड उघडं. कुलूप नाही, कडी नाही. समोर टायरवाला चहा पितोय. उंबऱ्याशी पाय वळले.

उघड्या दाराची कैद. सासर म्हणतात ते हेच की काय.

१९ मार्च

लेकीचा फोन. भावजींनी कानाला धरला. तिनं विचारलं की कधी येतेस, पाय सुजलेत, रात्रभर कूस बदलता येत नाही. म्हटलं, जाऊबाई सोडत नाहीत गं. हसली. मग म्हणाली की आई, गंमत पुरे, मला भीती वाटते, तू ये. मी म्हटलं येते.

पट्टी ओढ घेत होती. येते येते म्हणत फोन तोडायला लावला.

तिला खरं काय सांगू. नववा लागलाय.

२४ मार्च

भावजी वाळलेत. रोज निरनिराळं लिहून बघतात. एक आज्ञा लिहिली, नाव 'मोकळी'. मशीननं घेतली, शून्य मागितलं, कुणी द्यायचं? अडकली. एकशे तेरामध्ये स्वतःचं नाव घालून पाहिलं. म्हणाले, मला घे, वहिनीला सोड. काही झालं नाही. मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

मग म्हटलं, भावजी, तुम्हाला घेणार नाही ती. नवऱ्याला कोण राबवतं?

हसले थोडे. डोळ्यांतून पाणी.

२८ मार्च

भावजींनी आज घाबरत घाबरत सांगितलं. मी बंद असताना मला खुर्चीत बसवून ते पट्ट्या आणायला मागं गेले. आले तर मी कॉम्प्युटरपुढच्या स्टुलावर. हात मांडीवर. डोळे तसेच. विचारतात की मीच तिथं बसवलं होतं का, मला आठवत नाही वहिनी, झोप नाही म्हणून असेल.

असेल.

३० मार्च

लेक फोनवर चिडली. म्हणाली, तू येत नसशील तर मी येते. नाही नाही म्हटलं. भावजींना आत्ताच गाडीनं तिच्याकडे धाडलं. म्हटलं, पाय धरा, काहीही सांगा, आई मेली सांगा, पण तिला इकडं येऊ देऊ नका.

ते जायला तयार नव्हते. सोपा प्रोग्राम लावून गेलेत, पट्ट्या हाताशी रचून. इन्व्हर्टर तपासला. माझ्या पाया पडले. वेडे.

आता मी आणि जाऊबाई.

तारीख नाही

पट्ट्यांची थप्पी निम्मी झालीय. म्हणजे पुष्कळ वेळा मी आले आणि गेले. भावजी नाहीत अजून.

आत्ता फटीत आहे. पडद्यावर नजर गेली. फाइलींच्या यादीत एक नवी आहे. एकशे पंधरा.

उघडली. आधी जाळीची ओळ.

'ये गं बाई, आई वाट बघतेय.'

भावजी असं लिहीत नाहीत. असं मी लिहिते. असं फक्त मी

नाव लिहिलंय 'लेक'.

तारीख नाही

मी लिहिलं. हे हात बंद असताना बंद नसतात. मी नसते, हात असतात. जाऊबाईला हात हवे होते, लिहिणारे. एकशे चौदा मीच घातलं दर वेळी. आणि हे पण.

पुसायला बोट नेलं. आणि जिना आठवला. उचललेला पाय. श्वास नाही. लेकीला आत्ता एकशे पंधरा लागलं असेल आणि मी पुसलं तर, पोटातल्यासकट

नाही पुसत.

सोडायची लिहू? सोडायची म्हणजे काय ते मला माहीत आहे.

पट्टी ओढतेय. नाही देणार. एकशे पंधरा प्रोग्राममध्ये कुठल्या ओळीवर आहे ते बघते आधी, तोवर

येऊन गेली ती ओळ. मागं पडली. बोलावून झालंय.

आली

दारात उभी आहे. अनवाणी. पाय रक्ताळलेत. पोट दोन्ही हातांनी धरलंय. हसली मला बघून, आणि म्हणाली की आई, मी इथं कशी आले गं? काकांची गाडी घराशी थांबली तेव्हा मी चालायला लागले होते, ते मागून हाका मारत होते, पण पाय आडवाटेनं निघाले, गाडी मागंच राहिली.

म्हटलं, तिथंच थांब. पुढं येऊ नकोस. तुझ्या आईची शपथ.

थांबली. पाय थांबत नाहीयेत तिचे, जागच्या जागी हलतायत.

पडद्यावर आणखी एक फाइल अर्धी आहे. एकशे सतरा. जाळीची ओळ आहे, 'ये रे सोन्या.' खाली नाव लिहायची जागा कोरी. नाव ठेवलेलं नाही ना अजून.

ती अर्धीच राहिली पाहिजे. मी पट्टी बसवली की एकशे चौदा, मी जाणार, हात स्टुलावर बसणार आणि पुरी करणार. पट्टी फार वेळ धरवत नाही. डावा खांदा गेलाय.

सुचलं. पट्टी नाही देणार, हात देणार. उजवा. लिहिणारा. सेन्सरला काय कळतंय, काहीतरी बसलं एवढंच. शून्य जाईल, वाइस मिटेल. पण हातावर पुरा मिटायचा नाही. पुरा मिटला नाही तर त्याचं शून्य नाही. म्हणजे पुढची ओळ नाही. एकशे चौदा नाही. दारात हात असला की टूल फिरत नाही, एवढी माया भावजींनी शिकवलीय तिला. अडकून बसेल जाऊबाई. मीही. भावजी येईपर्यंत. येतील.

लेकीला म्हटलं, तोंड फिरव बाळे, आणि कान झाक, आई जरा ओरडणार आहे.

म्हणाली हो.

वही डाव्या काखेत धरते. हे शेवटचं उजव्या हातानं. बाळे, नंतर डाव्यानं लिहीन, कोंबडीचे पाय उमटतील, हसू नकोस

दार उघडलं. जबडा उघडा आहे. बोट लावून पाहिलं, थंड आहे

तोंड फिरवलं नाही तिनं. कुठं चाललीस, मी म्हटलं ना तिथंच

स्टुलावर बसली. अगं तिथं नको. ऊठ. ऊठ तिथून

बोटं चालतायत तिची — मला अक्षरं तिनंच तर शिकवली — माझ्याकडे वळून बघतेय, डोळे मिटत नाहीत, आणि विचारतेय की आई, नाव काय